रिकामी करून आणलेली गाडी

ती राखाडी गाडी तिसऱ्यांदा दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा टेस्टरताईंनी चहाचा कप फळीवर ठेवला आणि त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आले पाहुणे."

टेस्टरताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या या बाई आपला टेस्टर कायम अंबाड्यात खोचून ठेवायच्या. एकदा तो तसाच राहिला आणि त्या कोणाच्या तरी लग्नाला जाऊन आल्या. फोटोत नवरानवरीपेक्षा टेस्टरच ठळक आला आणि त्या दिवसापासून खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं. दुकान म्हणजे टायरवाला आणि काचवाला यांच्या मधलं एक शटर, आत एक लांब टेबल आणि भिंतीवर रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी. दुकान मूळचं वडिलांचं. त्यांनी जाताना लेकीला एक मल्टिमीटर दिला आणि एक नियम दिला, पाहिल्याशिवाय पाना नाही. बिघाड आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडीतलं काहीही बदलायचं नाही. अंदाजाने भाग बदलणाऱ्यांवर ताईंचा भारी राग. "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," असं त्या म्हणायच्या आणि म्हणताना बहुधा रस्त्यापलीकडच्या मोठ्या वर्कशॉपकडे बघायच्या.

गाडीतून आधी मुलगा उतरला. चाळिशीचा, ऑफिसच्या कपड्यांतला, एक डोळा घड्याळावर. शेजारच्या सीटवर त्याचे वडील होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसलेले. जन्मभर गाडी चालवलेला माणूस दुसऱ्याच्या शेजारी बसला की पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहतो, तसा त्यांचा उजवा पाय अजून दाबलेलाच होता. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. बत्तीस वर्षं प्रवासी बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि त्या बत्तीस वर्षांत बसला साधा ओरखडा नव्हता, हे ते ओळख झाल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

तक्रार जुनीच होती. गाडीच्या मागे कॅमेरा, पुढे छोटा पडदा. रिव्हर्स टाकला की मागचं चित्र पडद्यावर यायला हवं. काका म्हणत, कधीकधी येत नाही, नुसता काळोख. मुलगा म्हणे, मी चालवतो तेव्हा तर दरवेळी येतं. सुनेने चालवून पाहिली, तिलाही दरवेळी दिसलं. मोठ्या वर्कशॉपने आधी कॅमेरा बदलला. मग दुसऱ्या एकाने पडदा बदलला. काका म्हणाले, अजूनही जातं. सून त्यांच्या तोंडावर कधी काही बोलली नाही, पण फोनवर कोणाला तरी "नाचता येईना अंगण वाकडं" असं म्हणाली, आणि घर लहान असल्यामुळे ते काकांच्या कानावर पडलं.

मुलगा ताईंना बाजूला, टायरच्या ढिगाशी घेऊन गेला.

"ताई, आज काय ते एकदाचं होऊन जाऊ द्या. बाप दाखवा नाहीतर श्राद्ध करा."

"बाप इकडेच उभा आहे," मागून काका म्हणाले. "आणि कान अजून शाबूत आहेत त्याचे."

मुलगा ओशाळला. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी व्यायामोपचार केंद्राच्या आवारात गाडी मागे घेताना काकांनी फाटकाचा खांब ठोकला होता. खांबाचं काही बिघडलं नाही, गाडीचा बंपर चेपला. पण त्याच खांबाजवळून मिनिटभर आधी एक बाई बाळाची गाडी ढकलत गेली होती. पहारेकऱ्याने हे मुलाला सांगितलं आणि त्या दिवसापासून मुलाची झोप उडाली.

"खांबाच्या जागी माणूस असतं तर?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी काही त्यांचा वैरी नाही हो. बिघाड सापडला तर आनंदच आहे. पण आजही नाही सापडला, तर किल्ली माझ्या कपाटात जाईल. आईला केंद्राची व्हॅन येऊन नेईल, मी बोलून ठेवलंय."

"आणि काका?"

"व्हॅनमध्ये फक्त पेशंट बसतात."

आई म्हणजे काकू. वर्षभरापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं अडखळलं. आठवड्यातून दोनदा काका त्यांना केंद्रात न्यायचे, दोन तास बाहेर बाकावर बसायचे आणि परत आणायचे. या माणसाच्या आठवड्यात कामाचे म्हणावे असे हे दोनच दिवस उरले होते. बाकीचे पाच दिवस ते त्या दोन दिवसांची वाट बघत, हे ताईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

ताई कामाला लागल्या. रिव्हर्स टाकला. चित्र आलं, स्वच्छ, टायरवाल्याच्या कुत्र्यासकट. काढला, टाकला, काढला, टाकला. वीस वेळा टाकला, वीस वेळा कुत्रं दिसलं. एकविसाव्या वेळी कंटाळून कुत्रंच उठून गेलं. ताईंनी कॅमेऱ्याला येणारं व्होल्टेज मोजलं. बारा व्होल्टच्या वर, ठणठणीत. पडद्यामागचा जोड हलवून पाहिला. डिकीचं दार जिथे मिटतं तिथे वायरी एका रबरी नळीतून जातात आणि उघडझाप होऊन होऊन आतल्या आत तुटतात, हा या धंद्यातला जुना चोर. नळी सोडवून त्यांनी एकेक वायर वाकवून पाहिली. सगळ्या शाबूत. इंजिन तापवून पाहिलं. कॅमेऱ्यावर पाणी मारून पाहिलं. गाडी टायरवाल्याच्या उतारावर नेली, वाकडी उभी केली, डिकी दाणदाण आपटली. चित्र हललं नाही की विझलं नाही.

दाढ ठणकत असते आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दुखायची थांबते, तसली ही गाडी होती.

साडेअकरा झाले. मुलाने घड्याळ पाहिलं. काका उठले आणि त्यांनी खिशातून स्वतःकडची किल्ली काढून ताईंच्या टेबलावर ठेवली. चामड्याचा झिजलेला पट्टा होता तिला.

"राहू द्या ताई. तुम्ही तरी काय करणार? नाहीच दिसत तर नाही. माझंच काहीतरी होत असेल."

आजवर या माणसाने एकदाही "माझंच" म्हटलं नव्हतं. त्या क्षणी खोटं बोलणं किती सोपं होतं. एक जोड उपटायचा, नवा लावायचा, सैल होता म्हणून सांगायचं. मुलगा खूश, काका खूश, आणि किल्ली परत खिशात. दहा मिनिटांचं काम. पण उद्या पडदा पुन्हा काळा झाला आणि तिथे खरंच बाळाची गाडी असली तर? आणि खांब ठोकला त्या दिवशीचा काळोख जर खरंच काकांच्या डोक्यातला असेल तर? ताईंनी किल्लीकडे पाहिलं आणि अंबाड्यातला टेस्टर काढून पुन्हा खोचला. डोकं चालेनासं झालं की त्या हेच करत.

"काका, बसा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीचं सगळं सांगा. अगदी सकाळपासून. काही गाळायचं नाही."

"मागे सांगितलंय की."

"मागे खांबापासून सांगितलंत. आता उठल्यापासून सांगा."

मुलाने सुस्कारा सोडला. काका मात्र सावरून बसले. सात वाजता उठले. काकूंची वेणी घातली, हल्ली तेच घालतात, तीन पेडांची येते, चार पेडांची शिकतायत. चहा केला. काकूंना कपडे घालून खुर्चीतून दारापर्यंत आणलं. मग गाडी दारात लावली, काकूंना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला.

"मग खुर्ची मिटली, डिकीत टाकली आणि..."

"थांबा. कुठली खुर्ची?"

"चाकांची. तिची. ती नको का तिथे? केंद्रात उतरल्यावर काय हातात धरून नेऊ?"

ताई उठल्या आणि गाडीची डिकी उघडून उभ्या राहिल्या. आत लख्ख. खाली घातलेली सतरंजी झाडलेली, कोपऱ्यात एक कणसुद्धा नाही.

"आज कुठाय खुर्ची?"

"घरी," काकांना प्रश्नच विचित्र वाटला. "तुमच्याच पाटीवर लिहिलंय ना. आणि आमच्या घरात तशीच शिस्त आहे. दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची तर घरचं सामान काढून, झाडून द्यायची. ती खिडकीतून बघते ना, मी नीट झाडलं की नाही ते."

ताईंनी मान वर करून पाहिलं. शटरच्या वर वडिलांच्या हातची पाटी होती. 'गाडी रिकामी करून आणावी.' तिच्याखालून त्या पंचवीस वर्षं ये-जा करत होत्या.

"मोठ्या वर्कशॉपला दिली तेव्हा?"

"तेव्हाही रिकामीच."

"आणि तुम्ही चालवून बघता तेव्हा?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलगा म्हणाला, "आई घरीच असते तेव्हा. खुर्ची तिच्याजवळ."

"म्हणजे खुर्ची आत असलेली गाडी मागे घेतलीय ती फक्त काकांनी," ताई म्हणाल्या आणि हत्यारांची पिशवी उचलली. "चला. घरी चला. रिकाम्या गाडीला काही झालेलंच नाही."

टायरवाल्याला दुकानाकडे बघायला सांगून त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. टेबलावरची किल्ली मुलाने उचलून खिशात घातली. तेवढं ताईंनी पाहिलं.

घर दहा मिनिटांवर होतं. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, पुढे लहानसं आवार आणि फाटक. आतल्या जमिनीवर चाकांच्या दोन फिक्या रेघा उमटल्या होत्या, पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून खिडकीपर्यंत. खिडकीशी काकू बसल्या होत्या. पांढरी वेणी घट्ट, उजवा हात उशीवर, डावा हात मांडीवर. डोळे मात्र असे, की तिकीट न काढता कोणी पुढे सरकणार नाही.

आणि भिंतीवरचा फोटो पाहून ताईंना त्या डोळ्यांचा उलगडा झाला. बससमोर दोघं गणवेशात उभे. त्याच्या छातीवर बिल्ला, तिच्या खांद्याला तिकिटांची पेटी.

"माझी कंडक्टर," काका म्हणाले. "पहिल्याच दिवशी भांडली. मी बस हिला न विचारता मागे घेतली. हिने अख्ख्या डेपोसमोर मला उतरवलं आणि सांगितलं, कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहिल्याशिवाय बस मागे जात नाही, नियम वाचा. मग काय, जन्मभर तेच. ही मागच्या कोपऱ्याला उभी राहायची, हात पत्र्यावर. तोंडाने एक अक्षर नाही. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चला, पुढे. थाप नाही तोवर येऊ दे. घरच्या गाडीलासुद्धा तेच. आजारी पडली तेव्हा मग कॅमेरा बसवून घेतला."

ताई काकूंच्या समोर उकिडव्या बसल्या. आतापर्यंत या गाडीला चार कारागिरांचे हात लागले होते आणि घरातल्या तिघांनी ती मागेपुढे केली होती. पण पडद्याच्या सर्वांत जवळ बसणारं माणूस हे होतं.

"काकू, तुम्ही शेजारी बसता ना? पडदा काळा होतो का?"

काकूंनी मान हलवली. हो.

"किती वेळा झाला?"

डावा हात वर आला. पाच बोटं. मिटली, पुन्हा पाच. मग दोन.

मुलगा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "आई, अगं मग कधी बोलली नाहीस ते?"

काकूंनी श्वास घेतला. त्यांचा एकेक शब्द जिना चढून यायचा.

"वि... चारलं... नाही."

मुलगा खाली बघायला लागला. हा दोष काही मल्टिमीटरने सापडणारा नव्हता.

"काका," ताई उठून म्हणाल्या, "मी इथे नाहीच असं समजा. रोज निघता तसे निघा."

काका निघाले. काकूंच्या काखेत हात घालून त्यांनी एक-दोन-तीन म्हटलं. तीनला दोघं एकदम उठली. गाडीपाशी पाठीने टेकवून, वळवून, आधी कंबर, मग पाय. पट्टा लावला, पदर सारखा केला. त्यात घाई नव्हती आणि एकही हालचाल फुकट नव्हती. मग खुर्ची मिटली, उचलली आणि डिकीत आडवी घातली. चाकं उजवीकडे, पाय ठेवायच्या पट्ट्या डावीकडे. बसेपर्यंत गुडघ्याने एक रेटा दिला.

"दरवेळी अशीच ठेवता?"

"दुसरी कशी ठेवतात?" काका म्हणाले.

मुलाने खिशातली किल्ली ताईंना दिली. ताई स्टिअरिंगमागे बसल्या, गाडी चालू केली आणि रिव्हर्स टाकला.

पडदा काळा.

ताईंनी रिव्हर्स काढून पुन्हा टाकला. काळा. त्या उतरल्या, मागे जाऊन खुर्ची चार बोटं उचलून धरली आणि मुलाला म्हणाल्या, "बघा." मुलाने आत डोकावलं. पडद्यावर आवार, फाटक, कडेची कुंडी, सगळं उजेडात. ताईंनी खुर्ची सोडली. काळं.

ताईंना इतका आनंद झाला की तो लपवायला त्या उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. मग त्यांचं लक्ष काकांकडे गेलं. काका गाडीच्या टपावर हात टेकून उभे होते आणि त्यांना भरून आलं होतं. तीन आठवडे हा माणूस स्वतःच्याच घरात खोटा ठरला होता. हळूहळू त्याचं त्यालासुद्धा ते खरं वाटायला लागलं होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं.

"मला वाटलं डोळे गेले," ते म्हणाले. "नाहीतर डोकं."

"काही गेलेलं नाही. केबल गेलीय," ताई म्हणाल्या.

काकूंना खाली उतरवू का, असं मुलाने विचारलं. काकूंनी मान हलवली. नाही. आरशातून त्या मागे बघत होत्या.

डिकीचं डाव्या बाजूचं पॅनेल ताईंनी सोडवलं. कॅमेऱ्याची बारीक काळी केबल मागे अधांतरीच लोंबत होती. ज्याने ती वर्षभरापूर्वी टाकली त्याने एकही चाप लावला नव्हता. ती पत्र्याच्या एका धारेवरून गेली होती आणि काकूंच्या खुर्चीची पट्टी बाहेरून बरोबर तिथेच पॅनेल दाबत होती. आठवड्यातून दोनदा, वर्षभर. वरचं रबर कापलं जाऊन आतली तार आणि भोवतालची जाळी दाबाखाली एकमेकींना चिकटत होत्या. चित्र वाटेतच संपत होतं. खुर्ची काढली की दोघी पुन्हा वेगळ्या. नवा कॅमेरा, नवा पडदा, आणि मधली केबल जुनी ती जुनीच. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं ताई पुटपुटल्या आणि त्यात त्यांनी स्वतःलाही धरलं.

खराब तुकडा त्यांनी कापून काढला. तारेला तार, जाळीला जाळी असं वेगवेगळं सोल्डर केलं, वर आकसणारी नळी घालून गरम केली. मग केबल धारेवरून उचलून वरच्या बाजूने नेली, पन्हळी नळीत घातली आणि वीत-वीतभर अंतरावर चाप मारले. पॅनेल बसवलं, खुर्ची काकांच्याच पद्धतीने घातली, गुडघ्याचा रेटाही दिला. रिव्हर्स. चित्र. खुर्ची हलवली, दाबली, ताई स्वतः तिच्यावर बसल्या. चित्र.

"झालं," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. किल्ली गाडीतून काढून त्यांनी मुलाच्या हातात ठेवली, कारण ती त्याच्याकडून घेतली होती.

मुलगा ती घेऊन वडिलांसमोर आला. "बाबा, माझं चुकलं. घ्या."

काकांनी हात पुढे केला नाही.

"थांब जरा," ते म्हणाले. "तुझं अर्धंच चुकलं. पडदा काळा होता हे खरं. पण काळा पडदा बघून गाडी मागे घेतली ती मीच ना? कॅमेऱ्याने नाही घेतली. मला आता कळतंय काय झालं ते. आरशात बघायची सवय मला कधी लागलीच नाही. मागे ही असायची. मी कान देऊन चालवायचो. त्या दिवशी पडदा विझला, मी थांबायला हवं होतं. पण थाप आली नाही, आणि थाप नाही म्हणजे रस्ता मोकळा. पाय आपोआप सुटला. ही शेजारी बसलीय, मागे कोणीच नाही, हे डोक्यात यायच्या आत खांब आला."

मुलगा किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला. बिघाड सापडला होता आणि तरी प्रश्न तिथेच होता. किल्ली द्यावी तर भीती, न द्यावी तर अन्याय. त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही दिसत होतं.

तेवढ्यात गाडीतून आवाज आला.

"मला... दिसला."

सगळे वळले. काकू डाव्या बाजूच्या आरशाकडे बोट दाखवत होत्या.

"खांब... दिसला. तोंड... उघ... डेपर्यंत..." पुढचं त्यांना जमलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला उजवा हात उचलेना, म्हणून डावा आडवा नेऊन त्यांनी पुसलं. इतके दिवस त्या खिडकीशी बसून हे बाळगत होत्या.

काका गाडीजवळ गेले. "अगं वेडे," एवढंच म्हणाले आणि तिची वेणी नीट नसताना करतात तशी उगाच सारखी करत राहिले.

टेस्टरताईंना दुसऱ्याच्या घरातल्या रडण्यात उभं राहायची सवय नव्हती. त्यांनी टेस्टर काढला, खोचला. मग खाकरून म्हणाल्या, "काका, तुमच्या नियमाचं वायरिंग उलटं आहे. आमच्याकडे करंट नाही म्हणजे बंद. वायर तुटली तर गाडी थांबली पाहिजे, सुटता कामा नये. तुमच्याकडे थाप नाही म्हणजे चालू. माणूस मागे उभं होतं तोवर ठीक होतं."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांच्या नियमाला कोणी नाव ठेवलं होतं.

उपाय काकूंना सुचला. त्यांनी डावा हात खिडकीतून बाहेर काढला आणि मुलासमोर तळवा पसरला. मुलाला आधी कळलं नाही. मग त्याने किल्ली त्यात ठेवली. काकूंनी ती नवऱ्याच्या हातात दिली, बोटांनी त्याची मूठ मिटवली आणि हात पुन्हा खिडकीबाहेर नेऊन दाराच्या पत्र्यावर सपाट ठेवला.

काका स्टिअरिंगमागे बसले. ताई आणि मुलगा फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहिले. गाडी चालू झाली. रिव्हर्स पडला, मागचे पांढरे दिवे लागले, पडद्यावर फाटक आणि पलीकडचा रिकामा रस्ता स्वच्छ दिसत असणार. तरी गाडी हलली नाही. काका थापेची वाट बघत होते.

काकूंनी आरशात पाहिलं. मान वळवून मुलाच्या बाजूला पाहिलं. मग दाराच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या, बारीक पण स्पष्ट.

गाडी मागे निघाली, चालत्या माणसाच्या वेगाने. अर्धी फाटकाबाहेर आली आणि एक थाप पडली. गाडी जागच्या जागी थांबली.

मुलाने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. सायकलसुद्धा नव्हती. तो वडिलांच्या खिडकीशी गेला. "बाबा, रस्ता मोकळा आहे. कॅमेऱ्यात दिसत नाहीये का?"

"दिसतंय की," काका म्हणाले. "पण थाप पडली."

मुलाने वाकून पलीकडे आईकडे पाहिलं. आईचा चेहरा झटक्यानंतर एका बाजूने उतरला होता, पण दुसऱ्या बाजूने ती आता हसत होती.

"थांबतात... का..." काकू म्हणाल्या, "बघत... होते."

मुलगा खिडकीपासून मागे सरला आणि त्याने फाटकाचा दुसरा दरवाजाही पूर्ण उघडला. काकूंनी पुन्हा दोन थापा दिल्या आणि गाडी रस्त्याला लागली.